दुर्गाचे डॉक्टर

मागच्या महिन्यात एका रविवारी पुण्याहून भाचीचा फोन आला. इथे व्हर्जिनियात सकाळचे सात वाजले होते, चहा अजून गाळायचा होता. व्हिडिओ कॉल, पण तिने कॅमेरा बंद ठेवला होता. आवाजावरून कळलं, रडून झालंय.

लग्नाला चार वर्षं झाली. पीसीओडी असल्याने पाळी दोन-दोन महिने येत नाही. डॉक्टरांनी लेट्रोझोल नावाच्या गोळ्या लिहून दिल्या. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्यायच्या आणि मग सोनोग्राफीला यायचं. घरी येऊन तिने नेटवर नाव टाकलं, तर पहिल्याच ओळीत स्तनाच्या कॅन्सरचं औषध! त्याखाली 2011 साली भारतात वंध्यत्वासाठी या औषधावर बंदी घातल्याची जुनी बातमी. ती बंदी 2017 मध्ये उठली, हे वाचायला ती थांबलीच नाही. घाबरून गोळ्या कपाटात ठेवून दिल्या. सासूबाईंना काही सांगितलेलं नव्हतं. स्वतःच्या आईला, म्हणजे माझ्या ताईलाही नाही.

मी तिला सांगितलं की बाई गं, अशाच उपचारातून मी वीस वर्षांपूर्वी गेले आहे. आधी गोळ्या, मग पोटावर टोचायची इंजेक्शनं. पलीकडे एकदम शांतता. मग कॅमेरा सुरू झाला.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाच लाज वाटली. माझी लेक आता अठरा वर्षांची आहे, कॉलेजला जाते, आणि तिच्या जन्मामागची ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नव्हती. आम्ही दोघं नवरा-बायको आणि इथली नर्स, एवढ्यातच ती राहिली होती.

त्या दिवशी भाचीशी दीड तास बोलले. आधी औषधाबद्दल, मग एका माणसाबद्दल. तो माणूस म्हणजे कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय. आपल्याकडे पुष्कळजण त्यांना सुभाष मुखर्जी म्हणून ओळखतात. भाचीच्या परवानगीनेच हे इथे लिहिते आहे.

आधी औषधाचं सांगते, कारण त्याशिवाय डॉक्टरांचं मोठेपण कळणार नाही.

मी डॉक्टर नाही. पण उपचार घेताना जे समजून घेतलं ते असं. दर महिन्याला मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक सोडते. त्यामुळे बीजांडकोशात एक छोटी पाण्याची पिशवी वाढू लागते. तिला डॉक्टर फॉलिकल म्हणतात, तिच्यात स्त्रीबीज असतं. पिशवी वाढली की इस्ट्रोजेन वाढतं. ते पुरेसं वाढलं की मेंदू एलएच नावाचं दुसरं संप्रेरक एकदम सोडतो आणि बीज बाहेर पडतं. आपल्याकडच्या दवाखान्यांतल्या भाषेत अंडं फुटतं. पीसीओडीमध्ये अनेकदा पिशव्या पुष्कळ असतात, पण एकही नीट मोठी होत नाही, म्हणून अंडं फुटत नाही.

लेट्रोझोल काही दिवस इस्ट्रोजेन कमी करतं. मेंदूला वाटतं, काम थंडावलंय, म्हणून तो एफएसएच जास्त सोडतो आणि पिशवी वाढते. स्तनाच्या कॅन्सरमध्येही ते इस्ट्रोजेन कमी करण्यासाठीच देतात, फक्त तिथे ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, इथे पाच दिवस. म्हणजे औषध कॅन्सरचं असलं तरी भाचीला कॅन्सर नाही, आणि ते घेतल्याने तो होईल असंही नाही. माझ्या वेळी आधी क्लोमिफिन द्यायचे. ते इस्ट्रोजेन कमी करत नाही, पण मेंदूला ते दिसू देत नाही. परिणाम तोच.

मला गोळ्यांनी गुण आला नाही. मग इंजेक्शनं सुरू झाली. त्यात एफएसएच आणि एलएच थेटच असतात. या औषधाचं नाव एचएमजी, आणि ते कुठून आलं हे ऐकून भाची रडता रडता हसली. पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीत ही संप्रेरकं भरपूर असतात. इटलीत कॉन्व्हेंटमधल्या वृद्ध नन्सची लघवी गोळा करून त्यातून ते वेगळं काढलं गेलं. या औषधाने दिवस राहून पहिलं बाळ जन्मलं ते 1962 मध्ये, इस्रायलमध्ये. ज्यांनी स्वतः संसार केला नाही, त्या बायकांच्या आधाराने जगभरातल्या किती घरांत पाळणे हलले असतील!

आता मुखोपाध्यायांकडे वळते.

त्यांचा जन्म 16 जानेवारी 1931 चा, हजारीबागचा. शिक्षण कोलकात्यात. 1955 मध्ये ते डॉक्टर झाले. पण दवाखाना थाटून पैसा करण्यापेक्षा शरीर चालतं कसं, हे शोधण्याकडे त्यांचा ओढा होता. कोलकाता विद्यापीठातून 1958 मध्ये प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्रात त्यांनी पीएचडी केली. मग एडिंबरोला जाऊन संप्रेरकांवर दुसरी पीएचडी केली, 1967 मध्ये. तिथे त्यांचा विषय होता एलएच हे संप्रेरक मोजण्याची पद्धत. म्हणजे अंडं ज्याच्यामुळे फुटतं, नेमकं तेच.

आपण परदेशात राहणारी माणसं. शिक्षण संपल्यावर परत जायचं की नाही, हा प्रश्न आपल्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी उशाशी घेतलेला आहे. मुखोपाध्याय त्याच वर्षी परत गेले. कोलकात्याच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले. पुढे त्यांची नेमणूक बांकुऱ्यालाही झाली. पण जीव अडकला होता तो एकाच प्रश्नात. ज्या बाईच्या गर्भनलिकाच बंद आहेत, तिला मूल कसं देता येईल?

इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो हेच शोधत होते. बीज बाहेर काढायचं, काचेच्या बशीत त्याचं शुक्राणूशी मीलन घडवायचं आणि गर्भ परत गर्भाशयात सोडायचा. त्यांनीही आधी अंडी वाढवणारी औषधं वापरून पाहिली. बीजं मिळाली, पण गर्भ गर्भाशयात टिकेना. औषधामुळे संप्रेरकांचा तोल बदलतो आणि गर्भाशयाचं अस्तर त्या महिन्यात गर्भाला झेलायला तयार नसतं, असं दिसू लागलं. शेवटी त्यांनी औषध सोडलं. निसर्गतः महिन्याला येणारं एकच बीज घेतलं आणि 25 जुलै 1978 रोजी लुईस ब्राऊन जन्मली.

मुखोपाध्यायांनी औषध सोडलं नाही, आणि त्यांचं वेगळेपण मला इथेच दिसतं. एकाच बीजावर सगळी भिस्त ठेवली तर एक चूक म्हणजे महिना वाया. म्हणून त्यांनी एचएमजी देऊन एकाच वेळी अधिक बीजं वाढवली. ती योनीमार्गातून काढली. बाहेर गर्भ तयार केले. आणि मग ते लगेच गर्भाशयात न ठेवता गोठवले! त्या महिन्यात अस्तर तयार नाही ना, मग थांबू या. औषधाचा परिणाम ओसरू दे, शरीर आपल्या चालीवर येऊ दे. 53 दिवसांनी गोठवलेला गर्भ पूर्ववत करून त्यांनी तो आईच्या गर्भाशयात सोडला.

सांगितल्यावर किती सोपं वाटतं! पण तेव्हा जगात कोणी ते केलेलं नव्हतं. त्यांच्याबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य होते आणि गोठवण्याचं तंत्र जाणणारे सुनीत मुखर्जी. हे सुनीतबाबू मूळचे अन्नतंत्रज्ञानातले. मोठी प्रयोगशाळा नाही, परदेशी यंत्रं नाहीत. तिघांचं डोकं आणि चिकाटी.

3 ऑक्टोबर 1978 रोजी कोलकात्यात मुलगी झाली. लुईसनंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी. नवरात्राचे दिवस सुरू होत होते. जगापुढे ती आली ते दुर्गा या नावाने.

इथवर ऐकून भाची खुलली होती. पुढचं सांगताना माझाच आवाज बसला.

दुर्गाच्या आई-वडिलांना आपलं नाव बाहेर यायला नको होतं. टेस्ट ट्यूबमधलं मूल म्हटल्यावर नातेवाईक काय म्हणतील, मुलीचं पुढे कसं होईल, ही धास्ती. त्यांना कसा दोष द्यायचा? 1978 साल ते! मी तर 2006 मध्ये अमेरिकेत बसून गप्प राहिले. मुखोपाध्यायांनी त्यांचा शब्द पाळला. पण पुरावा मागणाऱ्यांपुढे ते कुटुंब उभं राहिलं नाही, आणि शंकेला जागा मिळाली.

नोव्हेंबर 1978 मध्ये पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे प्रमुख होते भौतिकशास्त्रातले. या विषयात स्वतः काम केलेला माणूस तिच्यात नव्हता. असणार तरी कसा, देशात असं काम दुसरं कोण करत होतं? समितीने त्यांचं म्हणणं फेटाळून लावलं. जपानमध्ये क्योटोला जाऊन आपलं काम मांडायचं बोलावणं आलं, तर सरकारने जाऊ दिलं नाही. सरकारी नोकर, परवानगीशिवाय पाऊल टाकता येईना. एका भारतीय नियतकालिकात त्यांचा छोटा शोधनिबंध छापून आला होता, तोही गोठवण्याच्या शास्त्राला वाहिलेल्या. जगातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या तो नजरेस पडणार कसा?

मधे हृदयविकाराचा झटका आला. जून 1981 मध्ये त्यांची बदली झाली, ती डोळ्यांच्या संस्थेत! ज्या माणसाने आयुष्य स्त्रीच्या संप्रेरकांत घातलं, त्याने आता डोळ्यांचं बघायचं. 19 जून 1981 रोजी त्यांनी कोलकात्यातल्या राहत्या घरी आपलं आयुष्य संपवलं. वय पन्नास. पत्नी नमिता शाळेत शिकवत असत. कामावरून घरी परतल्यावर हे त्यांना पाहावं लागलं.

आता मी राहते तिथलं सांगते. आमच्या घरापासून नॉरफोक शहर अर्ध्या तासावर आहे. तिथे हॉवर्ड आणि जॉर्जिआना जोन्स हे वयस्कर डॉक्टर दांपत्य याच कामाला लागलं होतं. 1980 मध्ये त्यांनीही निसर्गाने दिलेल्या एकेका बीजावर प्रयत्न करून पाहिले, यश आलं नाही. मग जॉर्जिआनाबाईंच्या आग्रहाने त्यांनी अंडी वाढवणारं औषध वापरायचं ठरवलं. कोणतं? तेच, एचएमजी. आणि 28 डिसेंबर 1981 रोजी नॉरफोकच्या रुग्णालयात अमेरिकेची पहिली टेस्ट ट्यूब बेबी, एलिझाबेथ कार, जन्मली. मुखोपाध्याय जाऊन सहा महिने झाले होते. गोठवलेल्या गर्भातून ऑस्ट्रेलियात बाळ जन्मलं ते 1984 मध्ये. ज्यासाठी त्यांना खोटं ठरवलं, ते एकेक करून जगाने खरं करून दाखवलं. बघायला ते नव्हते.

नॉरफोकच्या त्या रस्त्यावरून मी असंख्य वेळा गेले आहे. पण मुखोपाध्यायांचं नाव मला तिथे नाही कळलं. ते कळलं इथल्या बंगाली मंडळींच्या दुर्गापूजेत. लेक तेव्हा दोन वर्षांची होती. प्रसादाची खिचडी खाता खाता एका बंगाली मैत्रिणीजवळ मी पहिल्यांदा माझ्या इंजेक्शनांचं बोलले. घरच्यांना न सांगितलेलं परक्या भाषेतल्या बाईला का सांगितलं, कोण जाणे. तिने देवीच्या मूर्तीकडे बघितलं आणि मला दुसऱ्या दुर्गाची गोष्ट सांगितली. 'एक डॉक्टर की मौत' हा सिनेमा मी दूरदर्शनवर पाहिलेला होता. पंकज कपूरचं काम अजून डोळ्यांपुढे आहे. पण तो या माणसावरून सुचलेला आहे, हे माहीत नव्हतं. कळणार कसं? सिनेमातला डॉक्टर कुष्ठरोगाची लस शोधतो. मूल होणं-न होणं हा विषय तिथेही बाजूलाच राहिला.

आणि मग मला माझं माहेर आठवलं. माझं माहेर परळचं, केईएम हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला. 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएममध्ये हर्षाचा जन्म झाला. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून पेपरांत बातम्या आल्या. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचं ते काम. मी अकरा वर्षांची होते. आमच्या चाळीत एक काकू होत्या, त्यांना मूल नव्हतं. डोहाळजेवणाला त्या पोळ्या लाटायला असत, ओटी भरायच्या वेळी मात्र आपणहून मागच्या गॅलरीत जात. त्या दिवशी त्यांनी माझ्या वडिलांकडून ती बातमी दोनदा वाचून घेतली. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर पेपर मागून नेला. तो परत आला नाही.

या कहाणीला खरी कलाटणी दिली ती परळच्या याच आनंदकुमारांनी. 1997 मध्ये ते कोलकात्याला गेले असता मुखोपाध्यायांची टिपणं आणि कागद त्यांच्या हाती पडले. त्यांनी ते बारकाईने तपासले. दुर्गाच्या आई-वडिलांशी बोलले. आणि त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहून जाहीर केलं की भारताच्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार आपण नव्हे, सुभाष मुखोपाध्याय आहेत. विचार करा, कोण सांगतंय हे! ज्याच्या नावावर तो मान अकरा वर्षं होता, तोच माणूस. आपल्या डोक्यावरचा मुकुट काढून दुसऱ्याच्या, तोही हयात नसलेल्याच्या, डोक्यावर ठेवायला किती मोठं मन लागत असेल! मुंबईकर म्हणून मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

2003 मध्ये पंचवीस वर्षांची झालेली दुर्गा स्वतः लोकांसमोर आली. आपल्याला जगात आणणाऱ्या डॉक्टरांबद्दल उघडपणे बोलली. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. 2010 मध्ये एडवर्ड्स यांना नोबेल मिळालं, ते योग्यच झालं. पण अंडी औषधाने वाढवायची, योनीमार्गातून काढायची, गर्भ गोठवायचा आणि नंतरच्या महिन्यात ठेवायचा, ही मुखोपाध्यायांची वाट आज पुण्यात, दुबईत, लंडनमध्ये रोजच्या कामाचा भाग आहे.

भाचीला मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथेही सांगते. पहिली, ही औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. त्याआधी नवऱ्याची तपासणी झालेली हवी, गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाही हे डॉक्टरांना विचारायला हवं. गोळ्यांनी जुळं राहण्याची शक्यता थोडी वाढते, इंजेक्शनांनी जास्त. इंजेक्शनं चालू असताना पोट खूप फुगलं, उलट्या झाल्या, धाप लागली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं, कारण बीजांडकोश प्रमाणाबाहेर सुजलेले असू शकतात. सोनोग्राफीला वेळच्या वेळी जायचं ते यासाठीच. आणि पहिल्या महिन्यात दिवस राहिले नाहीत तर औषध फुकट गेलं असं समजायचं नाही. माझे सात महिने गेले होते.

दुसरी गोष्ट, घरात एका तरी माणसाला सांगायचं. मुखोपाध्यायांच्या बाबतीत घडलं ते सरकारी अडाणीपणामुळे आणि मत्सरामुळे, हे खरंच. पण त्या अंधारात आपल्या सगळ्यांच्या गप्प बसण्याची भर होती. ज्याचं औषध आपण घेतो, त्याचं नाव घ्यायचीही आपल्याला चोरी वाटते.

दुसऱ्याला उपदेश केला की स्वतः वागून दाखवावं लागतं. त्याच रात्री मी ताईला फोन लावला. आधी माझं सगळं सांगितलं, मग तिच्या लेकीने परवानगी दिली होती तेवढं तिचं. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, इतकी वर्षं लपवलं म्हणून रागावली. मग तिने एवढंच विचारलं, की तिथे परक्या देशात तुला ती इंजेक्शनं टोचायला जवळ कोण होतं.

आता ताई दर सोनोग्राफीला लेकीबरोबर जाते. परवा मेसेज आला, अठरा मिलिमीटरची एक पिशवी दिसते आहे. पुढचं काय होईल ते होईल, आम्ही सगळ्याच वाट बघतोय. यंदा नवरात्रात घट बसतील तेव्हा इथल्या देव्हाऱ्यात एक दिवा मी त्या डॉक्टरांच्या नावाने लावणार आहे. का लावला, असं लेकीने विचारलं तर तिलाही सगळं सांगणार आहे.